गरम पोळी आणि रात्रीचा भात

'पोळ्या तव्यावरून उतरल्या की लगेच डब्यात भरा, दुपारपर्यंत मऊ राहतात' हा डबा भरण्याविषयीच्या एका लेखातला सल्ला आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत तरी चालत नाही. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होऊन खाली उतरतं आणि तळच्या पोळीचा लगदा होतो. मुलगी ती तशीच परत आणायची, वर 'आई, ओली पोळी नको' हे ऐकायचं. आता पोळ्या आधी जाळीवर पसरते, वाफ गेली की तेलाचं बोट लावून सुती फडक्यात गुंडाळते. फॉइलपेक्षा फडकं कधीही बरं, ते ओल शोषून घेतं. भाजीचंही तेच, निववूनच झाकण लावायचं. एप्रिल-मेमध्ये उसळीत ओलं खोबरं घालायचं नाही, दाण्याचं कूट घालावं.

रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन डबा भरायची युक्ती मात्र लेखात फार सहज सांगितली आहे. तो भात रात्रभर कुठे होता, ते आधी सांगायला हवं होतं. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत. भात ओट्यावर राहिला तर ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष नंतर फोडणीने किंवा ऑफिसातल्या मायक्रोवेव्हने जात नाही. जेवणं आटोपली की भात पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये गेला असेल, तरच सकाळी त्याला हात लावा. नाहीतर सरळ पोहे करा, तितकाच वेळ लागतो.