निळा म्हणजे किती?

मुलीच्या विज्ञानात 'नैसर्गिक दर्शक' आले आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. लाल कोबी चिरायचा, उकळत्या पाण्यात ठेवायचा, पाणी गाळायचं, एवढीच कृती. (लाल कोबी दिसायला जांभळा असतो, पण तो वाद नंतर.) त्यातलं अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य पाण्यात उतरतं आणि आम्ल-आम्लारीची चुगली करतं. वास घरभर पसरतो, हे मात्र पुस्तकात दिलेलं नाही.

लिंबाचा रस घातला, पाणी लाल-गुलाबी झालं. व्हिनेगरलाही तेच. इथवर घरात एकमत होतं. मग खायच्या सोड्याचा ग्लास आला.

"मोरपिशी," आई म्हणाली.

"हिरवट निळा," मुलगी.

"निळा," मी. मला एकूण सात रंग येतात, तेही इंद्रधनुष्यामुळे.

"बाबा, निळा म्हणजे किती? आठ की नऊ?"

पदार्थ किती आम्ल, किती आम्लारी हे सांगणारी सामूची (pH) ही मोजपट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 साली आणली आणि ती अशी बेरकी आहे की एका अंकाचा फरक म्हणजे थेट दहापट. म्हणजे आईचं 'मोरपिशी' नऊ धरलं आणि माझं 'निळा' आठ, तर नवराबायकोत दहापट मतभेद. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये व्हायोलेट फुलांच्या पाकाचे असेच रंग बदलल्याचं लिहून ठेवलंय. तो अविवाहित होता. इतकं स्वच्छ निरीक्षण त्याला कसं जमलं, याचं हे स्पष्टीकरण मला पुरतं.

प्रयोग ग्लासात राहिला असता तर चाललं असतं. पण अंड्याचा पांढरा भागही आम्लारीधर्मी असतो, हे मुलीला कळलं आणि तव्यावरच्या माझ्या अंड्यात तिने चमचाभर कोबीपाणी सोडलं. अंडं हिरवं झालं. "खायला काही होत नाही," ती म्हणाली, आणि स्वतः ब्रेड घेतला.

हळद त्या मानाने अबोल. लिंबू घाला, पिवळी. पाणी घाला, पिवळी. आम्लाबद्दल ती चकार शब्द काढत नाही. आम्लारी भेटलं की मात्र लालेलाल. माझ्या पांढऱ्या शर्टावर हळदीचं बोट पुसलं गेलं होतं. मी घाईघाईने साबण चोळला आणि छातीवर गोळी लागल्यासारखा डाग उमटला. आई किंचाळली. मुलीने वही उघडली. 'पदार्थ: साबण. निरीक्षण: बाबांचा शर्ट लाल. अनुमान: आम्लारी.' मग शास्त्रोक्त पद्धतीने लिंबू पिळलं. डाग परत पिवळा.

"पण गेला का?" आईने विचारलं.

डाग दर्शक असतो, त्याचं काम सांगायचं, जायचं नाही, हे मी समजावून पाहिलं. तिने शर्ट पुन्हा साबणात टाकला.

पुढच्या आठवड्यात शाळेत लिटमस आहे. लायकेनपासून (म्हणजे दगडफुलापासून) काढलेला रंग, तांबडा नाहीतर निळा, हुज्जत घालायला जागाच नाही. मी सुटलो म्हणालो.

"दोनच?" आईचा चेहरा पडला. "मग त्यात बघायचं काय?"