"एवढं कोण बघतंय?" असं म्हणणाऱ्या गॅरेजवाल्यांबद्दल

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय काही सुचणार नाही.

मावशीची गाडी आज रंग होऊन आली. पार्किंगमध्ये कुणीतरी मागच्या दाराला घासून पसार झालं होतं. एक पोचा आणि वीतभर ओरखडा, एवढंच. "उद्या संध्याकाळी घेऊन जा" म्हणाले आणि खरंच दिली. गॅरेजच्या ट्यूबखाली गाडी चकचकीत दिसत होती. बाहेर उन्हात आणली आणि दोन दारं दोन वेगळ्या गाड्यांची वाटायला लागली. हँडलभोवती टेपची कड तशीच उठून दिसतेय. खिडकीच्या काळ्या रबरावर रंगाचे तुषार. दारावरून बोट फिरवलं की क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, अडकलेली धूळ हाताला लागते. मावशीने विचारलं तर म्हणे, "काकू, चार दिवस उन्हात फिरली की शेड आपोआप बसेल. आणि एवढं कोण बघतंय?"

मावशी बघते! तिने ती गाडी जिवापाड जपलीय. पैसे मोजून घेतले ना तुम्ही? मग कोण बघतंय हे ठरवणारे तुम्ही कोण? आणि वाळलेल्या रंगाची शेड उन्हात फिरून बसत नाही. चुकलेली शेड चुकलेलीच राहते. एका वयस्कर बाईला हे तोंडावर सांगायला जीभ कशी रेटते?

मला राग जास्त येतो, कारण चांगलं काम कसं असतं ते मी जवळून पाहिलंय. माझी गाडी सेकंडहँड. मागे तिच्याही दाराला असाच मार बसला, तेव्हा एका ओळखीच्यांनी मला एका पेंटरकाकांकडे पाठवलं. काकांनी आधी दाराकडे पाहिलंच नाही, संपूर्ण गाडीभोवती एक फेरी मारली. मग वाकून, डोळा पत्र्याच्या रेषेत आणून दाराकडे बघितलं, बोटाच्या पेरांनी ठकठक केलं आणि म्हणाले, "ताई, हे दार आधी एकदा झालंय. आत काय आहे ते उघडल्यावर कळेल. आत्ता भाव सांगितला तर तो खोटा ठरेल." जुना रंग उतरवल्यावर मला फोन करून बोलावलं. आत पुट्टीचा, म्हणजे खड्डे भरायच्या लुकणाचा, जाड थर होता, त्याला भेगा पडलेल्या, आणि भेगांच्या खाली तांबूस गंज. बाहेरून मात्र त्या दाराने कधी कसला पत्ता लागू दिला नव्हता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. रंगाचं गॅरेज निवडायचं ते रंगाच्या आधीच्या कामावरून. गाडी ताब्यात देताना झळाळी सगळेच आणतात, रबिंग-पॉलिश करून कोणीही आणेल. खरी गोष्ट आहे ती खालची: पोचा मागून ठोकून, ओढून पत्रा सरळ केला की खड्डा तसाच ठेवून पुट्टीने भरला? पुट्टी पातळ हवी, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. ती पाणी शोषते. पत्रा उघडा ठेवून, ओल राहू देऊन, प्रायमर नीट न मारता वर रंग चढवला की काही महिन्यांनी फोड येतात. तोवर गॅरेजवाला तुम्हाला ओळखतही नाही.

म्हणून पहिला प्रश्न मी हाच विचारते: "घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी मला बघायला बोलवाल का?" जो "या की, केव्हाही या" म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलायचं. जो "कस्टमरला आत यायला परवानगी नाही" म्हणतो, त्याला मी फोटो मागते. सुरक्षिततेचं कारण समजू शकते, मोठ्या वर्कशॉपमध्ये ते खरंही असतं. पण फोटो पाठवायला कुणाची परवानगी लागते? फोटोलाही नाही म्हणाला तर मी गाडी वळवते.

आता शेडबद्दल, कारण सगळ्यात जास्त थापा इथे मारल्या जातात. "कंपनीच्या कोडनुसारच रंग बनवलाय" हे वाक्य ऐकलं की बहुतेक लोक गप्प बसतात. कोड खरा असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर लिहिलेला असतो. पण एकाच कोडच्या रंगात थोड्या वेगळ्या छटा निघतात, आणि तुमची गाडी काही वर्षं उन्हात उभी असते. मेटॅलिक रंगात तर चमकीचे कण कसे बसतात त्यावर सगळा खेळ असतो. ओला, जाड हात मारला तर रंग गडद दिसतो. कोरडा मारला तर फिकट. डबा तोच, रंग फवारायची गनही तीच, तरी दार वेगळं! म्हणून कोड ही सुरुवात आहे. काकांनी रंग बनवला, छोट्या कार्डांवर मारला, वर क्लिअर कोट चढवला, वाळू दिला आणि ती कार्डं दाराला लावून गाडी बाहेर उजेडात ढकलत आणली. समोरून पाहिलं, मग बाजूने, मग बसून खालून. मला तर एक कार्ड अगदी जुळलेलं वाटलं. काका म्हणाले, "समोरून जुळतंय ताई, बाजूने काळं पडतंय." आणि परत आत गेले. मी तिथे नुसती उभी होते. एवढं कोण बघतंय? काका बघत होते.

शिवाय त्यांनी बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, शेजारच्या पॅनलवर थोडा विरवत नेला आणि मग ते अख्खं पॅनल क्लिअरने झाकलं, म्हणजे नजरेला कुठे सीमारेषा सापडत नाही. बऱ्याच मेटॅलिक आणि पर्ल (मोत्यासारखी झाक असलेल्या) रंगांना हे करावंच लागतं. पण त्यात शेजारचं पॅनलही घासावं लागतं, माल जास्त जातो, वेळ जातो. थातुरमातुर करणारे हेच पहिलं गाळतात. तुम्ही त्यांना सरळ विचारा, "शेजारच्या पॅनलवर ब्लेंड करणार का?" प्रश्न ऐकून समोरच्याचा चेहरा बघा, तुम्हाला उत्तर मिळेल.

टेपच्या कडेबद्दल बोलायलाच हवं, कारण ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. हँडल, आरसा, रबर, पट्ट्या काढून रंग मारायचा असतो. न काढता टेप लावून भोवतीने मारला की तिथे रंगाची एक उभी कड राहते. त्या कडेतून पाणी शिरतं आणि पुढे खपली निघते ती तिथूनच. हँडल काढायला वेळ लागतो, त्याची क्लिप तुटायची भीती असते, मान्य. पण ते कामच आहे ना तुमचं? आज मावशीच्या दारावर मी ती कड नखाने चाचपली तर नख अडकलं. नख अडकतंय! हे काम केलेलं नाही, उरकलेलं आहे.

काही जण म्हणतील, कंपनीच्या वर्कशॉपमध्येच द्यावी. द्या. तिथे बूथ, म्हणजे रंग मारायची बंद खोली, असतो, लेखी वॉरंटी मिळते, हे खरंय. पण पाटी मोठी म्हणून गन धरणारा हात चांगला असतो असं नाही, आणि साध्या शेडमध्ये बसलेला एखादा माणूस अप्रतिम काम करून जातो हेही मी पाहिलंय. तरी बूथ असावाच या मताची मी आहे. हवा गाळून येते, धूळ बसत नाही, आणि साठेक अंशाला भाजल्यावर रंग नीट कडक होतो. कारखान्यात रिकामी बॉडी याहून कितीतरी जास्त तापमानाला भाजतात, तसं तयार गाडीला करता येत नाही, आत वायरी आणि प्लास्टिक असतं. म्हणून तर दुरुस्तीच्या रंगात हार्डनरचं (रंग कडक करणाऱ्या द्रवाचं) प्रमाण, दोन हातांमधला वेळ, हवेतला दमटपणा, सगळं सांभाळावं लागतं. घाई केली की आत अडकलेलं थिनर नंतर निघतं, रंग खाली बसतो आणि पॉलिश पेपरचे ओरखडे वर दिसायला लागतात. काकांनी एकदा गाडी तयार असूनही रंग मारायचं पुढे ढकललं होतं, हवा फार दमट होती म्हणून. त्यांच्या शेडमध्ये तेव्हा दुसऱ्या गाड्या ताटकळत होत्या, तरी.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. पेंटरना होणाऱ्या दम्याचं ते एक मोठं कारण आहे. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, तोंडाला बांधलेल्या रुमालाने काही होत नाही. मी आता कुठल्याही गॅरेजमध्ये गेले की आधी हे बघते. विशी-बाविशीची पोरं त्या धुक्यात उघड्या तोंडाने उभी असतात. जो मालक आपल्या पोरांच्या फुप्फुसांची पर्वा करत नाही, तो माझ्या दाराखालच्या गंजाची करेल? मला नाही वाटत. आणि केली, तरी मला माझी गाडी तिथे द्यायची नाही.

हे लिहिताना राग थोडा उतरलाय. त्या गॅरेजमधल्या पोरांवर माझा राग नाहीच. त्यांना कुणी शिकवलेलं नाही आणि उद्याच्या उद्या गाडी पाहिजे म्हणून डोक्यावर बसणारे आपल्यातलेच असतात. तीन ठिकाणी फिरून सगळ्यात कमी भाव घ्यायचा आणि वर काम पहिल्या नंबरचं मागायचं, हे कसं जमणार? सगळ्यांना महाग काम परवडत नाही, बरोबर आहे. जुन्या गाडीच्या बंपरवरचा ओरखडा साध्या टच-अपने झाकला तरी बिघडत नाही. पण मग गॅरेजवाल्याने तसं स्पष्ट सांगावं: "एवढ्यात एवढंच होईल." फसवू नये.

उलट, प्रामाणिक माणूस स्वतःचं काम कमी करून सांगतो. रंग तडकला नसेल तर काही पोचे मागून दाबून काढता येतात, कारखान्याचा मूळ रंग तसाच राहतो. काकांनी माझ्या गाडीच्या दुसऱ्या बाजूचा एक पोचा दाखवून सांगितलं होतं, "याला माझी गरज नाही ताई, हा रंग न मारता निघेल. ओरिजनल रंग जपा." मूळ रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. जाडी मोजायचं छोटं यंत्र पत्र्यावर टेकवलं की आकडा दिसतो, आणि पुट्टी असेल तर तो हजाराच्याही वर जातो. पुढे गाडी विकताना समोरचा ते टेकवणारच आहे. आणि नव्या गाड्यांमध्ये बंपरमागे आसपासच्या गाड्या ओळखणारं रडार असेल तर तिथे पुट्टी किंवा रंगाचा जाड थर चालतो का, हे आधी विचारून घ्या. मी विचारलं तेव्हा ज्याला प्रश्नच कळला नाही, तिथून मी निघून आले.

मावशीला मी सांगितलंय की बाकीचे पैसे द्यायचे नाहीत, आणि लेखी मागायचं: कुठल्या कंपनीचा रंग, कुठला कोड, दार पुन्हा करणार की नाही, खपली निघाली तर जबाबदारी कुणाची. गाडी परत घेताना दिवसाउजेडी, धुतलेली आणि कोरडी हवी. ओल्या गाडीवर काहीच दिसत नाही. आणि परत रंग झाला की महिना-दोन महिने वॅक्स लावायचं नाही, "आजच कोटिंगपण करून देतो" म्हणाले तरी नाही.

काका आता काम करत नाहीत, नाहीतर गाडी सरळ त्यांच्याकडेच नेली असती. तुमच्या ओळखीत कुणी असा पेंटर असेल, जो कार्ड मारून उन्हात बघतो आणि पुट्टीच्या आधी फोन करतो, तर मला मेसेज करा. गॅरेजचं नाव नको, त्या माणसाचं सांगा.