आधी दहा पेपर छापा? नको, एकच काम नीट करा

कोल्हापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरतो. थोडक्यात तो असा: एआयच्या संशोधनात आपल्याकडच्या कॉलेजातल्याला कुणी विचारत नाही, आत शिरायचं तर आधी आठ-दहा पेपर (शोधनिबंध) छापा, पीएचडी झाल्याशिवाय अर्ज करू नका, स्वतःचा जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी ताकदवान चिप) नसेल तर विषयच सोडा. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही. पेपरांबद्दलचं तर मुलांचे पैसे आणि वर्षं दोन्ही खातं.

प्राध्यापकीचंच गणित मांडून पाहा. सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं, यासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत गुणांचे तक्ते आहेत. एका शोधनिबंधाला २ गुण, पण कमाल मर्यादा विद्यापीठासाठी १० आणि कॉलेजसाठी ६. म्हणजे विद्यापीठात पाचव्या आणि कॉलेजात तिसऱ्या पेपरनंतर एकही गुण वाढत नाही. त्याच तक्त्यांत पीएचडीला अनुक्रमे ३० आणि २५ गुण आहेत. जाहिरातीसोबत राज्याचे वेगळे निकष असतील तर ते आधी वाचा. पीएचडीचा प्रबंध देण्यापूर्वी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही यूजीसीने २०२२ च्या नियमांत ठेवलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती विचारून घ्या. संशोधन संस्थांत तर पैसे भरले की आठवड्यात छापणाऱ्या जर्नलांची नावं निवड करणारे ओळखतात. सीव्हीवर अशी सहा नावं असली की सातवं चांगलं कामही संशयानेच वाचलं जातं.

मग दाखवायचं काय? दुसऱ्या कुणालाही पुन्हा करून बघता येईल असं एक काम. कोल्हापुरात विषयांना तोटा नाही. ‘काय करालायस?’ हे इथलं बोलणं आवाजावरून मजकूर करणाऱ्या मॉडेलला नीट कळतं का, हेच घ्या. तीसेक जणांकडून लेखी संमती घेऊन पाच तासांचं रेकॉर्डिंग करा. शहर, कागल, राधानगरी असे वेगवेगळे भाग आणि वेगवेगळी वयं घ्या. बोललं तसंच लिहून काढा, ‘शुद्ध’ करू नका. आवाजाचा मजकूर करणाऱ्या ‘व्हिस्पर’ या खुल्या मॉडेलची २४.४ कोटी पॅरामीटरची ‘स्मॉल’ आवृत्ती आधी आहे तशी तपासा, मग तिच्यावर फाइन-ट्यूनिंग करा, म्हणजे आपल्या रेकॉर्डिंगवर तिला आणखी शिकवा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली: वाक्यं सरसकट पिसून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचा भाग) आणि टेस्ट (तपासायचा भाग) यांत वाटली जातात. एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडे गेला की आकडा सुंदर येतो आणि नवा माणूस बोलला की कोसळतो. वाटणी माणसांनुसारच करा. (उसाच्या पानांच्या फोटोंवर रोग ओळखणाऱ्यांनी हीच वाटणी फडानुसार करावी.) दुसरी चूक मराठीला खास नडते. व्हिस्परसोबतचा साधा नॉर्मलायझर (चुका मोजण्याआधी मजकूर एकसारखा करणारा कोड) काना-मात्रा काढून त्यांच्या जागी मोकळी जागा सोडतो. शब्दांचे तुकडे होतात, आणि ‘शब्दचूक दर’ म्हणून जो आकडा हाती येतो तो शब्दांचा राहतच नाही. मात्रा राखून मोजा. प्रयोग तीन वेगवेगळ्या सीडवर (मॉडेलच्या शिकण्यातला योगायोग ठरवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यांवर) चालवा, सरासरीसोबत फरकही लिहा.

आता जीपीयू. कॅगल या संकेतस्थळावर आठवड्याला जीपीयूचे साधारण ३० तास फुकट मिळतात, गुगलच्या कोलॅबवर १६ जीबीचा टी-४ जीपीयू मिळतो. वरचं काम त्यात बसतं. मोठी मॉडेलं शून्यापासून घडवणं बसत नाही, म्हणून तो विषय निवडू नका.

पीएचडीशिवाय अर्जच नको, हेही खोटं. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९ च्या नियमांनुसार इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला संबंधित शाखेचं बी.ई. आणि एम.ई. किंवा एम.टेक. पुरतं, दोहोंपैकी एकात प्रथम वर्ग हवा. बंगळुरूत मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि गुगल यांनी पीएचडीआधीच्या संशोधकांसाठी जागा ठेवल्या आहेत. आयआयटीतल्या प्रकल्पांवरही एम.टेक. आणि बी.टेक. झालेले घेतात; त्या जाहिरातींची मुदत थोडी असते, म्हणून संस्थांची भरतीची पानं दर आठवड्याला बघावी लागतात.

राहिला कॉलेजच्या नावाचा प्रश्न. मोठ्या संस्थेत मार्गदर्शक सहज मिळतो, हा फरक खरा आहे. पण न्यूरिप्स किंवा एसीएल या एआयमधल्या मोठ्या परिषदांना लेख जातो तेव्हा परीक्षकाला लेखकाचं आणि संस्थेचं नाव दाखवलं जात नाही. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब गटात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्वीटांचा भावविश्लेषणाचा (मजकुराचा सूर चांगला की वाईट हे ओळखण्याचा) संच बांधून खुला केला. ते विद्यार्थी आयआयटीचे नव्हते.

शिफारसपत्र मात्र जपून मागा. ‘हुशार, नियमित’ एवढंच लिहिणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा तुमचा कोड वाचलेल्या सरांचं किंवा मॅडमचं पत्र कामाचं. प्राध्यापकांना ईमेल करताना दीडशे शब्द पुरेत: त्यांचा कोणता लेख वाचला, त्यातलं काय स्वतः करून पाहिलं, आकडा किती आला, कोडची लिंक. तोच मजकूर चाळीस जणांना पाठवला तर पहिल्या ओळीतच कळतं. उत्तर नाही आलं, तर दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा.