ताई, कप उचलला आहे

ताई, नमस्कार. (तुम्ही 'दादा' म्हणून सुरुवात केलीत आणि मग व्यवस्थित झाडलंत, म्हणून मीही 'ताई' म्हणतो.)

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मी कुरआनचा अनुवाद १२० दिवसांत वाचून काढायचं ठरवलंय आणि अधूनमधून इथे टिपणं लिहितो. चिपळूणच्या या ताईंचं म्हणणं असं: पुस्तकावर चहाचा कप ठेवलेला फोटो बघून वाईट वाटलं. 'चॅलेंज' हा शब्द जिमला शोभतो. 'तेच तेच येतं, कंटाळा आला' असं लिहिण्याआधी एकदा कान लावून ऐकायचं होतं. चौथ्या सूरहमधली (म्हणजे अध्यायातली) एक आयत, म्हणजे वचन, मी चुकीची दिली. आणि मुळात अनुवाद म्हणजे कुरआन नव्हे. अरबी येत नसेल तर निदान जाणकारासमोर बसून वाचा.

कपाबद्दल काही बोलायची सोयच नाही. आमच्या घरी हरिपाठाच्या पुस्तकाला चुकून पाय लागला तरी उचलून कपाळाला लावायची पद्धत. आईने तो फोटो बघितला असता तर तुमच्याआधी तिनेच कान उपटला असता. पुस्तक आता वरच्या फळीवर आहे आणि गाडीत मी मोबाइलवर वाचतो. तुमच्या सांगण्यावरून 'कुराण'ऐवजी 'कुरआन'ही लिहायला लागलोय. 'पुराण'शी यमक जुळतं म्हणून ते तोंडात बसलेलं, दुसरं काही नाही.

'चॅलेंज' शब्द मलाही फार आवडत नाही. पण 'पारायण' म्हणावं तर श्रद्धेचा आव आणल्यासारखं होतं, आणि ती माझ्याकडे नाही. आधी ठरवलं होतं, ११४ सूरह, ११४ दिवस. दुसऱ्याच दिवशी दुसरी सूरह, बकरह, समोर आली, २८६ आयतींची, आणि बेत कोलमडला. मग लक्षात आलं की रोजचा वाटा पाडायचं काम वाचणाऱ्यांनी केव्हाच करून ठेवलंय. आठवड्यात संपवायचं तर सात मंजिल, महिन्यात संपवायचं तर तीस पारे, आणि आपल्याकडच्या प्रतींत पाऱ्याच्या पाव, अर्ध्या, पाऊण भागाच्या खुणा समासात छापलेल्या. मी रोज पाव पारा घेतला. तीस गुणिले चार.

वाटा ठरवून घेण्यामागे कारण आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवव्या सूरहची पाचवी आयत, 'अनेक देव पूजणाऱ्यांना सापडतील तिथे मारा' ही, महिन्यातून एकदा तरी येते, तीही अर्धी. कॉलेजच्या ग्रुपवर 'धर्मात जबरदस्ती नाही' ही दुसऱ्या सूरहमधली येते, तिच्या मागचंपुढचंही कोणी देत नाही. दोन्हीकडे माल निवडून आणलेला. मला न निवडलेलं वाचायचं होतं. विनोबा अरबी शिकले, त्यांनी 'कुराण-सार' काढलं. पण सार म्हटलं की निवड आलीच. रोजचा वाटा ठरलेला असला की आवडलं म्हणून रेंगाळता येत नाही आणि बोचलं म्हणून पान उलटता येत नाही. ३८ व्या दिवशी ती पाचवी आयत आली. तिच्या आधीच्या आयतीत करार पाळणाऱ्यांना वगळलंय, आणि पुढचीत आसरा मागणाऱ्याला आसरा द्या, त्याला सुरक्षित जागी पोचवा असं आहे. त्याने पाचवी मऊ होत नाही, पण एकटी उरत नाही. यावर मी एकच ओळ लिहिली, कारण खाली भांडणं लागतील अशी भीती वाटली. हा भित्रेपणाच.

आता कंटाळा. ते टिपण मी ४६ व्या दिवशी लिहिलं. नूह, हूद, सालेह, लूत या प्रेषितांच्या गोष्टी, त्याच क्रमाने परत, पंधरा दिवसांपूर्वीच तर हे सगळे येऊन गेले होते. तुमची प्रतिक्रिया वाचून सातवी आणि अकरावी सूरह शेजारी शेजारी ठेवली आणि एकाच माणसाचं बघितलं. मद्यन गावचे प्रेषित शुऐब. दोन्हीकडे ते लोकांना सांगतात, माप पुरं भरा, वजन पुरं द्या. इथवर तेच. सातव्या सूरहमध्ये गावचे पुढारी गावाबाहेर काढायची धमकी देतात. अकराव्यात मात्र लोक टोमणा मारतात. माझ्या शब्दांत सांगायचं तर: आमचे बापजादे जे पूजत आले ते सोडा, आमच्याच पैशाचं हवं ते करू नका, हे तुझी नमाज तुला शिकवते होय? मोठा शहाणा लागून गेलास! आणि थोडं पुढे, तुझ्या भाऊबंदांकडे बघून सोडतोय, नाहीतर दगडांनी ठेचला असता.

ताई, हे मी ऐकलंय. वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि ते माळकरी. ओळीतल्या एका दुकानदाराने तागडीच्या पारड्याला खालून चिंच चिकटवलेली त्यांनी पकडली. मी तेव्हा आठवीत, गोणीवर बसलेलो. वडील एवढंच म्हणाले, "मापात पाप नको, बाबा." तो म्हणाला, "माळ घातलीय ना? मग भजन कर. माझा धंदा मला शिकवू नको." सातव्या सूरहपाशी मला ही चिंच आठवली नव्हती. तेच तेच नव्हतं. मी पहिल्या वेळेला भरभर वाचलं होतं.

चूक मान्य करायची ती आयतीची. चौथी सूरह, ३४ वी आयत, बायको ऐकत नसेल तर नवऱ्याने काय करावं ती. मी लिहिलं की कुरआन 'हलकेच मारा' म्हणतो. तो 'हलकेच' युसुफ अलींच्या इंग्रजी अनुवादातला, आणि त्यांनीसुद्धा कंसात घातलेला. उतरवताना कंस मी खाल्ला. म्हणजे अनुवादकाची भर मी थेट ग्रंथाच्या तोंडी घातली, आणि तीही दुसऱ्यांच्या निवडीवर तोंड वाजवत असताना. दुसरे इंग्रजी अनुवादक पिक्थॉल तिथे सरळ चाबकाने मारण्याचा शब्द वापरतात. लालेह बख्तियार यांच्या २००७ च्या अनुवादात 'त्यांच्यापासून दूर व्हा' असं आहे. मूळ धातू ज़-र-ब, आपण 'जरब बसवणे' म्हणतो त्यातली जरब तिथलीच. कुरआनातच तो प्रवासाला निघण्यासाठी आणि दाखला देण्यासाठीही येतो. तरी या जागी बहुतेक अनुवादक 'मारणे'च घेतात, आणि मला वाचताना ते खुपलं. कंस गाळून मी स्वतःचीच समजूत काढत होतो. मूळ टिपण दुरुस्त केलंय, चूक झाल्याचं वर लिहून.

अनुवाद म्हणजे कुरआन नव्हे हे पिक्थॉलही प्रस्तावनेत पहिल्याच दमात सांगून टाकतात. १९३० च्या त्या पुस्तकाच्या नावातही 'अर्थ' असंच आहे. ते तेव्हा निजामाच्या हैदराबादेत नोकरीला. माझे आजोबा परभणीकडचे, त्याच राज्यात उर्दूत शिकलेले, त्यामुळे उगाच जवळचे वाटतात. पण जाणकारासमोर बसण्याचं आत्ता नाही पटत. एकदा सगळं वाचून होऊ द्या, मग बसतो. आज बसलो तर विचारायचं काय तेच मला कळणार नाही, आणि ते जे निवडून देतील ते घेऊन उठेन.

ऐकण्याचं मात्र ऐकलं. काल सकाळी बदलापूरहून निघताना कानात सूरह यूसुफ लावली. अनुवाद ४९ व्या दिवशी वाचून झालेला, त्यामुळे गोष्ट माहीत होती. अरबी काही कळत नव्हतं, आणि एकदम एक शब्द ओळखीचा आला: कमीस. आपली कमीज. भाऊ खोटं रक्त लावून आणतात ती, मागून फाटते ती, आणि शेवटी आंधळ्या बापाच्या तोंडावर टाकल्यावर त्याला दिसायला लागतं ती. मग मी तेवढाच शब्द पकडत बसलो. घरी येऊन मोजलं तर तो सहा वेळा आहे. मला चार सापडले. रक्ताची पहिली निसटली, अंबरनाथला लोक चढत होते तेव्हा गेली असणार. आणखी एक कुठे गेली माहीत नाही. उद्या परत लावतो.