गाडीची चावी ‘पाच मिनिटांत घरच्या घरी’? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गाडीच्या चावीबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हल्लीची चावी म्हणजे प्लास्टिकचं कव्हर आणि आत एक साधी चिप. सर्व्हिस सेंटरवाले त्याचे अवाच्या सवा पैसे लावतात. त्यापेक्षा कोरी चावी ऑनलाइन मागवा, इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करा, पाच मिनिटांत काम फत्ते. कुणाची वापरलेली चावी मिळाली तर आणखी स्वस्तात. सेल मात्र स्वतः बदलू नका, प्रोग्रामिंग उडतं. चावी गाडीत अडकली तर घरच्यांना दुसऱ्या चावीचं बटण फोनजवळ दाबायला सांगा, दार उघडेल. इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) ही निव्वळ कंपन्यांची कमाई, तो काढून टाकला तरी चालतो. आणि एक चावी हरवली तर घाबरू नका, दुसरी आहेच.

मी चाव्या बनवण्याचंच काम करतो. हे असले प्रयोग करून झाल्यावर लोक गाडी टो करून आणतात, आणि कधी कधी प्रयोगापूर्वी व्यवस्थित चालणारी चावीसुद्धा तोवर निकामी झालेली असते. चाव्या महाग पडतात ही तक्रार खरीच आहे, तिच्याशी माझा वाद नाही. पण त्या रागावर हा मेसेज जे उपाय सांगतो, त्यातले बहुतेक नुकसान करणारे आहेत.

‘आत फक्त एक साधी चिप असते आणि सगळ्या चिप सारख्याच.’

एका चावीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली धातूची पाती, जी कुलूप फिरवते. दुसरी रिमोटची सर्किट. तिला सेल लागतो, आणि ती रेडिओलहरींवरून गाडीला दारं उघडण्याचा कोड पाठवते. बऱ्याच देशांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, अमेरिका आणि जपानमध्ये प्रामुख्याने ३१५ मेगाहर्ट्झवर. तिसरी ट्रान्सपॉन्डर चिप, आणि इंजिन सुरू होणं न होणं हिच्यावर ठरतं. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की त्या वेटोळ्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चिपला तेवढ्यावर वीज मिळते. सुरुवातीच्या काळातल्या चिप नुसता आपला ठरलेला नंबर सांगायच्या. नंतरच्या चिपना गाडी दर वेळी नवा आकडा देते, चिप आपल्याजवळच्या गुप्त कोडने त्याचं उत्तर काढते आणि ते जुळलं तरच गाडी इंजिन चालू राहू देते. हे सगळं क्षणार्धात होतं, त्यामुळे असं काही घडतंय हे चालवणाऱ्याला कळतही नाही.

या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे माहीत नसलं की काय होतं, त्याचं नेहमी दिसणारं उदाहरण सांगतो. फ्लिप चावीचं कव्हर तुटतं. माणूस नवं कव्हर मागवतो, जुनं उघडतो, हिरवी सर्किट आणि सेल उचलून नव्यात बसवतो, पाती हलवतो आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतो. नव्या चावीने दार उघडतं. स्टार्टर मारला की इंजिन फिरतं, पण गाडी सुरू होत नाही किंवा एक-दोन सेकंद चालून बंद पडते, आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं. मग फ्यूज तपासले जातात, बॅटरी बदलली जाते. खरी गोष्ट अशी की अनेक चाव्यांमध्ये ट्रान्सपॉन्डर सर्किटवर नसतोच. तो सेंटिमीटरभर लांबीचा काळा तुकडा किंवा बारीक काचेची नळी असते, कव्हरच्याच एका खाचेत चिकटवलेली. ती जुन्या कव्हराबरोबर कचऱ्यात गेलेली असते. काही चाव्यांत चिप सर्किटवरच जोडलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही. आपली चावी कुठल्या प्रकारची हे नक्की होईपर्यंत जुनं कव्हर फेकू नका.

सगळ्या चिप सारख्या असतात हेही चूक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिप वेगळ्या, हायटॅग कुळातल्या वेगळ्या, मेगामॉसच्या वेगळ्या, आणि एकाच कुळातही पिढ्या आहेत. बाहेरून चाव्या हुबेहूब दिसतात. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत चिप बदललेली असू शकते. चावी मागवताना फोटो जुळवून उपयोग नाही. पार्ट नंबर, रिमोटची फ्रीक्वेन्सी आणि चिपचा प्रकार, तिन्ही जुळायला हवेत.

‘इग्निशन चालू-बंद करून घरीच प्रोग्राम होते.’

या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच लोक फसतात. बऱ्याच जुन्या गाड्यांत ठरावीक वेळा इग्निशन फिरवून, दार उघड-बंद करून रिमोट जोडता येतो. पण तो रिमोट, म्हणजे दारं उघडणारा भाग. इंजिनच्या बाजूची ट्रान्सपॉन्डरची नोंद त्याने होत नाही. शिवाय अनेक गाड्यांत हा मोड सुरू झाला की आधीचे सगळे रिमोट यादीतून जातात आणि त्याच बैठकीत पुन्हा जोडावे लागतात. नवा रिमोट चालू झाला, जुना बंद पडला, ही तक्रार इथूनच येते.

इंजिनसाठीची चिप स्वतः जोडता येणाऱ्या गाड्याही आहेत. अमेरिकेत विकल्या गेलेल्या अनेक फोर्ड गाड्यांत आधीच्या दोन चालू चाव्या एकामागून एक फिरवून लगेच तिसरी कोरी चावी घातली की ती नोंदली जाते. दोन चालू चाव्या हव्यात, एका चावीवर हे होत नाही. आणि बहुतेकांना नवी चावी हवी असते ती नेमकी एकच उरल्यावर. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत चालू चावी नसतानाही नवी शिकवता येते. त्यासाठी इग्निशन चालू ठेवून दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे अर्धा तास वाट बघावी लागते, आणि त्यात आधी नोंदलेल्या सगळ्या चाव्या पुसल्या जातात. मेसेज म्हणतो तितकं ‘कोरी चावी मागवा, पाच मिनिटांत काम फत्ते’ असं हे सरळ नाही.

गाडीच्या मेमरीत ओळखीच्या चाव्यांची एक यादी असते. चावी प्रोग्राम करणं म्हणजे त्या यादीत नाव घालणं. कोरी चावी कितीही स्वस्त मिळो, यादीत नोंद करण्याचा अधिकार गाडी सहजासहजी देत नाही, आणि देऊही नये. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत त्यासाठी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडणी करायच्या सॉकेटला) यंत्र जोडावं लागतं, गाडीचा सिक्युरिटी कोड द्यावा लागतो, काही गाड्यांत कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते. काम चालू असताना गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज पडला तर नोंद अर्धवट राहून गाडीचं कंट्रोल युनिटच (तिचा कॉम्प्युटर) अडकू शकतं, म्हणून आम्ही आधी बॅटरीला सपोर्ट लावतो. व्हिडिओ बघून स्वस्त यंत्राने हे करणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच पायरी सुटते.

हे सगळं फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. योग्य यंत्र आणि माहिती असलेला स्वतंत्र चावीवाला यातलं बरंचसं काम करू शकतो. अमेरिकेत तर नोंदणी केलेल्या चावीवाल्यांना कंपन्यांचे की-कोड अधिकृतपणे मिळावेत यासाठी नॅस्टफ या संस्थेची व्यवस्था आहे. खर्च वाचवायचा असेल तर असा माणूस शोधावा. आणि तो आधी गाडीची कागदपत्रं व तुमचं ओळखपत्र मागत असेल तर रागावू नये. जो न विचारता चावी बनवून देतो, तो तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही तशीच देईल.

‘वापरलेली चावी आणखी स्वस्त पडते.’

पाती तर दुसऱ्याच्या कुलपाची असणार, ती नव्याने कापावी लागणार. पण मोठी अडचण चिपची. पुष्कळ चाव्यांत चिप पहिल्या गाडीत नोंदली गेली की तिच्या मेमरीला कायमचं कुलूप लागतं. स्मार्ट कीमध्ये, म्हणजे पुश बटनने सुरू होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटमध्ये, तर हे फार दिसतं. काही प्रकार खास यंत्राने पुन्हा कोरे करता येतात, काही अजिबात येत नाहीत. तुमची चावी कुठल्या प्रकारात मोडते हे खात्रीने सांगणारा कुणी सोबत नसेल तर वापरलेली घेऊ नका.

‘सेल बदलला की प्रोग्रामिंग उडतं.’

नाही उडत. कोड आणि नोंद ज्या मेमरीत असते तिला टिकून राहायला वीज लागत नाही. सीआर२०३२ किंवा सीआर२०२५, जो सेल जुन्यावर लिहिलेला असेल तोच आणा, धन-ऋण बाजू बघून बसवा. क्वचित एखाद्या जुन्या रिमोटला नंतर गाडीशी पुन्हा जुळवावं लागतं. त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं: रिमोट दर दाबण्याला पुढचा कोड पाठवतो आणि गाडीही तसाच हिशेब ठेवते. कीलॉक ही यासाठी खूप वापरली गेलेली पद्धत. तिच्यात गाडी पुढचे १६ कोड सरळ स्वीकारते, त्याहून पुढे गेलं तर लागोपाठ दोन कोड ऐकून पुन्हा जुळवून घेते. मुलाने खेळता खेळता घरात बसून बटण खूप वेळा दाबलं तर हिशेब चुकतो तो असा.

पुश बटनच्या गाडीत सेल पूर्ण संपला तरी माणूस अडकून पडत नाही. रिमोटच्या आत एक छोटी पाती लपवलेली असते, ती काढून दार उघडा. मग तो रिमोट गाडीच्या स्टार्ट बटणाला टेकवून, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खाचेत ठेवून, बटण दाबा. तिथल्या वेटोळ्यातून चिपला वीज मिळते आणि गाडी सुरू होते. आपल्या गाडीतली ही जागा कुठली आणि पाती कशी निघते, हे आजच बघून ठेवा. रात्रीच्या अंधारात, पावसात मॅन्युअल सापडत नाही.

‘फोनवरून बटण दाबलं की दार उघडतं.’

ही अफवा फार जुनी आहे. फोन आवाज नेतो, साधारण काही शे ते काही हजार हर्ट्झपर्यंतचा. रिमोट पाठवतो त्या रेडिओलहरी, सेकंदाला कोट्यवधी कंपनांच्या. फोनच्या माइकला त्या ऐकूच येत नाहीत, मग पलीकडे पोहोचणार कशा? कंपनीच्या ॲपवरून दार उघडणाऱ्या गाड्या आहेत, पण तिथे हुकूम इंटरनेटवरून थेट गाडीच्या मोडेमला जातो. गाडीत लहान मूल अडकलेलं असताना कुणी या मेसेजवर विसंबून फोनाफोनी करत बसलं तर काय होईल, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. मूल आत असेल तर वाट बघायची नाही, इमर्जन्सी नंबर लावायचा आणि मुलापासून लांबची काच फोडायची.

‘इमोबिलायझर ही कंपन्यांची कमाई, तो काढून टाका.’

याला उत्तर देण्यासाठी अंदाज बांधायची गरज नाही, आकडे आहेत. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९८पासून नव्या कारना इमोबिलायझर सक्तीचा झाला, ऑस्ट्रेलियात २००१मध्ये, कॅनडात २००७मध्ये. म्हणजे तो सरकारांनी लावायला लावला. नेदरलँड्समधल्या १९९५ ते २००८च्या गाडीचोऱ्यांचा दोन अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. त्यांच्या हिशेबाने इमोबिलायझरमुळे चोऱ्यांचं प्रमाण सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास घटलं.

उलटा प्रयोगही झाला आहे, तोही गाडीमालकांच्या जिवावर. अमेरिकेत तशी सक्ती नाही. तिथे २०१५च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर होता. ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्के गाड्यांत. २०२१-२२मध्ये त्या गाड्या कशा पळवायच्या याचे व्हिडिओ सोशल मीडियावर पसरले. स्टिअरिंगखालचं कव्हर उचकटायचं, कुलूप तोडायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवायचं, एवढंच. शाळकरी पोरांनी गाड्या पळवल्या, अपघात झाले, माणसं मेली. चावीत चिप नसलेली गाडी कशी असते ते तिथे दिसलं.

इमोबिलायझर अभेद्य आहे असा माझा दावा नाही. २००५मध्येच संशोधकांनी ४० बिटांच्या कोडची चिप फोडून दाखवली, २०१२मध्ये हायटॅग-२ची पाळी आली. पुश बटनच्या गाड्यांवर रिले हल्ला होतो: रिमोट घरात, गाडी बाहेर, आणि दोघांमधलं बोलणं चोर आपल्या यंत्रांतून पुढे ढकलतात. झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली, दहाही फसली. पण त्यावर उपाय म्हणजे रिमोट लहरी अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवणं, किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये सोय असेल तर कीलेस एंट्री (रिमोट जवळ असला की बटण न दाबता दार उघडण्याची सोय) बंद करणं. इमोबिलायझर बायपास करून घेतलात तर चोराला यातलं कुठलंच यंत्र लागणार नाही, आणि चोरीनंतर विमा कंपनीशी भांडताना तुमची बाजूही लंगडी पडेल.

‘एक हरवली तर घाबरू नका, दुसरी आहेच.’

माझ्या मते सगळ्यात घातक सल्ला हा. हरवलेली चावी अजून गाडीच्या यादीत आहे. ती कुणाला सापडली आणि गाडी कुठे उभी असते हे त्याला ठाऊक असलं, तर गाडी त्याची आहे. त्यामुळे हरवलेली चावी यादीतून काढून घ्या. हे काम करताना हातातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण अनेक गाड्यांत यादी पूर्ण पुसून हजर असलेल्या चाव्या नव्याने नोंदवतात. घरी राहिलेली चावीही त्यात बाद होते.

चावी बनवताना एक प्रश्न जरूर विचारा: क्लोन करणार की प्रोग्राम? क्लोन म्हणजे जुन्या चिपची नक्कल. गाडीला दोन्ही एकच वाटतात, काम झटपट होतं आणि स्वस्तात होतं. पण उद्या त्यातली एक हरवली तर ती एकटी यादीतून काढता येत नाही, दोन्ही जातात. प्रोग्राम केलेल्या चावीची नोंद स्वतंत्र असते.

यादीतून काढलेली चावी इंजिन सुरू करू शकत नाही, पण तिची पाती दार अजून उघडते. आत काही ठेवायची सवय असेल तर दाराचं कुलूपही बदलावं लागेल. आणि दुसरी चावी बनवायची ती पहिली हातात असताना. चालू चावी असेल तर काम सरळ असतं. सगळ्याच हरवल्या की पाती कोडवरून कापावी लागते, सिक्युरिटी कोड मिळवावा लागतो, काही गाड्यांत कंट्रोल युनिट काढून त्यातली मेमरी वाचावी लागते. जुनी गाडी विकत घेत असाल तर यंत्र लावून यादीत किती चाव्या आहेत तेही बघून घ्या. यादीत तीन असतील आणि विकणाऱ्याने दोनच दिल्या असतील, तर तिसरी कुठे आहे ते व्यवहारापूर्वी विचारा, आणि काही झालं तरी यादी पुसून नव्याने नोंदवून घ्या. गाडीबरोबर चावी नंबरचा छोटा धातूचा बिल्ला आला असेल तर तो घरी कागदपत्रांसोबत ठेवा, चावीच्या जुडग्यात किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नको.