आईची टिकली, काकूचं कपाळ आणि माझी लिपस्टिक

या संक्रांतीला आमच्या गावातल्या बचतगटानं हळदीकुंकू ठेवलं आणि त्यात विधवा बायांनाही बोलावलं. राळेगाव तालुक्यातलं गाव आमचं, चहूकडे पऱ्हाटी आणि तूर. माझी काकू गेली, कोणीतरी तिला कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची चाळणी दिली आणि तो फोटो घरच्या ग्रुपवर आला. दोन दिवस नुसता गोंधळ. कोणी म्हणे रीतभात राहिली की नाही, कोणी म्हणे कोल्हापूरकडच्या हेरवाडनं मे २०२२ मधेच ग्रामसभेत ठराव घेतला, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, मग आपणच कायले मागं राहायचं. मी काकूच्या बाजूनं लिहिलं तर चुलतभावाचं उत्तर आलं, "तू तिकडं लिपस्टिक लावून फिरून राहिली, तुले आता गावातलं काय कयते."

तिथं मी गप्प बसले. इथं उत्तर देते, कारण लिपस्टिकचा विषय त्यानं काढलाच आहे तर मला त्याबद्दल खरंच खूप बोलायचं आहे.

मी इंग्लंडमधे लीड्सला सहा वर्षांपासून आहे आणि मेकअप करायला शिकले मागच्या वर्षी, वयाच्या ३४ व्या वर्षी. त्याआधी तोंडाला मेकअप लागला तो दोनदाच, साखरपुड्याला आणि लग्नाला. दोन्ही वेळा पार्लरवाल्या ताईनं माझ्या रंगापेक्षा दोन शेड उजळ काहीतरी थापलं, तोंड पांढरं आणि गळा माझा. सगळ्या म्हणाल्या किती सुंदर दिसून राहिली. सुंदर म्हणजे गोरी, एवढंच आमच्यापर्यंत पोचलं होतं. बाकी वर्षभर पोरीनं काजळ जरा जाड ओढलं तरी "कोनासाठी नटली वो" हा प्रश्न ठरलेला, म्हणजे लग्नाच्या दिवशी आठ जणी मिळून रंगवणार आणि एरवी स्वतःहून आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहिली तर वाईट चालीची.

मला ऑफिसातल्या एका पंजाबी मैत्रिणीनं दुकानात नेलं. तिनं माझ्या जबड्याच्या कडेला फाउंडेशनच्या, म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला लावायच्या कातडीच्या रंगाच्या क्रीमच्या, तीन रेघा ओढल्या, मला दहा मिनिटं थांबवलं, कारण काही फाउंडेशन हवा लागली की काळपट पडतात, आणि मग मला बाहेर रस्त्यावर उजेडात आणून आरसा धरला. दुकानातल्या दिव्यांवर विश्वास ठेवायचा नाही म्हणाली. दोन रेघा दिसत होत्या, एक राखाडी, एक गुलाबी. तिसरी दिसतच नव्हती, कातडीत मिसळून गेली होती. "ती तुझी." माझ्या रंगाचं काही बाटलीत भरून विकायला असतं हे मला त्या दिवशी कळलं आणि मी तिथंच रस्त्यावर रडले.

नंतर हळूहळू हात बसला. डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांवर आपण सरळ उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं क्रीम, लावतो आणि ते राखेसारखं दिसतं, आपल्या सावळ्या कातडीला आधी नारिंगी झाक असलेला करेक्टर लागतो, तो काळपटपणातली निळसर छटा मारतो, मग वरून कन्सीलर, तोही मुगाच्या दाण्याएवढाच, अनामिकेनं थोपटून, कारण त्या बोटाचा जोर कमी पडतो. पापण्यांच्या केसांना लावायचा मस्कारा तीन महिन्यांनी फेकायचा, कितीही उरला असला तरी, डोळ्याचा मामला आहे. रात्री सगळं धुवायचंच. आणि या सगळ्याच्या आधी सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढं. रोजचं माझं दहा मिनिटांत आटपतं, लिपस्टिक विटकरी रंगाची, आणि ती लावली की मला माझा चेहरा आवडतो. एवढं साधं वाक्य बोलायला मला ३४ वर्षं लागली.

आता गावातलं मला काय कळतं ते सांगते.

माझ्या आईच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग आहे. टिकलीच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं बऱ्याचदा, काही जणींच्या कातडीला रंग देणाऱ्या पेशीच त्यानं मरतात. डॉक्टरनं टिकली बंद करा म्हणून स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "नवरा जिता असताना कपाय मोकयं ठेवू काय?" आणि डाग झाकायला आणखी मोठी टिकली लावायला लागली. डाग वाढत गेला, टिकली वाढत गेली.

त्याच घरात काकू. माझा काका २००६ मधे गेला, पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते वर्ष. काकू तेव्हा २७ ची. तेव्हापासून ती वावर पाहते, वेचाईला बायांच्या पुढं असते, दोन पोरं शिकवली, आणि तिच्या कपाळावर कोणी काही लावलं ते या संक्रांतीला. एकाच माजघरात एक बाई कातडी जळत असताना टिकली काढू शकत नाही आणि दुसरीला मन असून लावता येत नाही, आणि दोघींचं कारण एकच, नवरा आहे की नाही. दादा, हे मला लीड्सला येऊन नाही कळलं, मी त्याच घरात वाढले.

आता इथं सगळं मोकळं आहे असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१५ मधे लंडनला निकोला थॉर्प नावाची बाई रिसेप्शनवर कामाला गेली, सपाट चपला घातल्या म्हणून तिला पगार न देता घरी पाठवलं, आणि तिला कामाला पाठवणाऱ्या एजन्सीच्या नियमात बायांनी कायम मेकअप पाहिजे, त्यात किमान काय काय पाहिजे, याची यादीच होती. कामावर उंच टाचांची सक्ती नको म्हणून तिनं केलेल्या अर्जावर दीड लाखाच्या आसपास सह्या झाल्या, पार्लमेंटच्या समित्यांनी २०१७ मधे अहवाल काढला. माझ्या ऑफिसात असा नियम नाही, पण मी काही न लावता गेले की "बरी आहेस ना, थकलेली दिसतेस" असं दोन जणी तरी विचारतात. बाजूच्या टेबलावरच्या माणसाला कोणी विचारत नाही, त्याच्याही डोळ्याखाली काळंच आहे. फरक एवढाच की सोमवारी लावलं, मंगळवारी नाही लावलं, तर माझ्या संसाराचा हिशोब कोणी माझ्या तोंडावरून काढत नाही. हा फरक माझ्यासाठी लहान नाही.

दादाचं एक मात्र खरं आहे. मी इथून लिहिते आणि त्याचं जे काय व्हायचं ते काकूच्या दारात होतं. हळदीकुंकवानंतर पिठाच्या गिरणीवर तिला दोघी जणींनी टोमणे मारले, ते मला नाही ऐकावे लागले. म्हणून काकूनं रोज कुंकू लावावंच असं मी म्हणत नाही, लावावंच म्हणणारी मी कोण, तोही हुकूमच झाला. मी मागच्या वेळी तिला सनस्क्रीन नेऊन दिलं होतं, गालावर वांग आलेत म्हणून. पण ते दर दोन तासांनी परत लावावं लागतं आणि कापूस वेचताना कोण लावणार, तिथं तिचा तोंडाला बांधलेला रुमालच भारी. बाटली ती लग्नाकार्याला जाताना वापरते.

ग्रुपवर भांडण चालू असतानाच काकूचा व्हिडिओ कॉल आला. भांडणाबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडं पाहत राहिली आणि म्हणाली, "तुया ओठाले कोनता रंग हाये वो?" मी सांगितलं. मग जरा थांबून, "येशीन तवा तसाच एखांदा मले आनजो. लय लाल नोको. घरातल्या घरात लावीन."

रात्री ट्यूबलाइटमधे तिचा रंग निळसर दिसत होता, त्यावरून शेड कशी ठरवणार. म्हटलं सकाळी ऊन आलं की अंगणात ये, फोन तोंडाजवळ धर. तिकडचे साडेनऊ म्हणजे माझे पहाटेचे चार, अलार्म लावून उठले. तुळशीजवळ उभी होती, तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. फोन आईनं धरला होता, तिची मोठी टिकली मधेच कोपऱ्यात दिसून जायची, आणि आईच तिला सांगून राहिली होती, "हालू नोको, हनवटी वर कर, तिले नीट पाहू दे."