कोणते गायकवाड, कुठले तान

बीड जिल्ह्यात 2025 मध्ये जात कळू नये म्हणून पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढली. आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच जुंपली. काकांचं म्हणणं, आडनाव ही पूर्वजांची ठेव, ती पुसायची कशाला? मी सिंगापुरात राहते. पाट्या काढल्या ते योग्यच झालं असं मला वाटतं, पण काकांच्या म्हणण्यातलं तथ्य मला इथेच जास्त कळतं.

इथल्या चिनी लोकांत सर्वाधिक आढळणारं आडनाव तान. मँडरिनमध्ये तेच चेन, कँटनीजमध्ये चान, व्हिएतनाममध्ये त्रान. इ.स.पू. अकराव्या शतकात झोऊ राजा वू याने शांग घराण्याचा पाडाव केला आणि पुराणातल्या शुन सम्राटाच्या वंशजाला आजच्या हनान प्रांतात चेन नावाची जहागीर दिली. पुढे छू राज्याने ती गिळली. राज्य बुडालं, पण लोकांनी त्याचं नाव आडनाव म्हणून जपलं. सातव्या शतकात चेन युआनग्वांग हा सेनानी आग्नेय चीनच्या किनाऱ्यावरच्या फूजियानमध्ये गेला, चांगचौ परगणा त्याने वसवला. त्याच किनाऱ्यावरून पुढे असंख्य तान जहाजाने इकडे आले. इथल्या मॅगझिन रोडवर तान किम चिंग आणि तान बेंग स्वी या व्यापाऱ्यांनी 1876 ते 1878 दरम्यान बांधवलेलं कुळाचं देऊळ आहे. छपरावर ड्रॅगन, गाभाऱ्यात देव झालेला युआनग्वांग, आणि मागच्या दालनात पूर्वजांच्या नावांच्या उभ्या पाट्या. तिथे उभं राहिलं की काका मनापासून पटतात.

पण ‘कुठले तान?’ हा प्रश्न इथेही होताच. होक्किएन बोलणारे की तिओच्यू, म्हणजे चिनीतली कोणती बोली? 1854 मध्ये या दोन गटांच्या दंगलीत शेकडो माणसं मेली, आणि तान दोन्हींकडे होते. धंदे, वस्त्या, सगळं बोलीनुसार वाटलेलं. 1960 नंतर सरकारने बांधलेल्या राहत्या इमारतींत सगळे शेजारी झाले, तशी त्या प्रश्नाची धार गेली. आज कोणी विचारलंच तर गप्पांच्या ओघात.

आपल्याकडे ‘कोणते गायकवाड?’ विचारतात ते खोली भाड्याने द्यायची की नाही हे ठरवायला. काका, कुलवृत्तांत जरूर छापा, लेकींची नावंही घाला त्यात. पण तक्रार घेऊन आलेल्या बाईला समोरचा साहेब कोणत्या जातीचा हे तोंड उघडण्याआधीच कळावं, याची काहीच गरज नाही.